अलार्म लागला, पण निरोप आलाच नाही: जॅकवेलच्या लॉगरबद्दल

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि जुलै 2021 ची रात्र आठवली. तुमच्या जॅकवेलवरच्या, म्हणजे नदीकाठच्या मोटारींच्या विहिरीवरच्या, लॉगरमध्ये (पाण्याची पातळी मोजून नोंदवणारं यंत्र) पाणी मर्यादेच्या वर गेल्याच्या अलार्मची नोंद रात्री पावणेदोनची आहे, पण डेटा सर्व्हरवर आला तो सकाळी सहाला, ठरल्या वेळीच. म्हणून आता दर पाच मिनिटांनी पाठवायला लावू का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू, बॅटरी पावसाळा काढणार नाही.

अलार्म नोंदवणं आणि अलार्म लागताच डेटा पाठवणं ही बहुतेक लॉगरमध्ये दोन वेगळी सेटिंग्ज असतात. तुमची दुसरी बंद असणार, ती चालू करा. घरबसल्या बदललेली सेटिंग लॉगर पुढच्या वेळी सर्व्हरला जोडला जाईल तेव्हाच उचलतो, तेवढी वाट बघा.

मला बोलायचंय ते वेगळंच. कारण हे सगळं चालू असूनही आमच्या दोन मोटारी बुडाल्या.

2019 च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या आमच्या पाणीपुरवठा संस्थेने पातळीचा सेन्सर बसवला. पहिल्याच पावसाळ्यात पाणी नेमकं मर्यादेपाशी हेलकावे खात राहिलं. अलार्म लागायचा, सुटायचा, परत लागायचा, आणि दर वेळी मोडेम, म्हणजे डेटा पाठवणारा भाग, जागा. टू-जी मोडेम पाठवताना क्षणभर 2 अँपियरपर्यंत करंट ओढतो. बॅटरी ऑगस्टच्या आत बसली. बसवणारा फोनवर म्हणाला, "अलार्म सुटायची पातळी जरा खाली घ्या." जरा म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अलार्म आमच्या पाणी मोजायच्या पट्टीवर 25 फुटांना होता. मी सुटायची पातळी थेट 15 वर नेली, म्हणजे पाणी तिथवर उतरेपर्यंत अलार्म चालूच. म्हटलं, आता कटकट नको.

2021 च्या जूनमध्ये पाणी 25 च्या वर गेलं, मेसेज आला, पोरं धावली, चेन पुलीने मोटारी वर घेतल्या. मी खूश. पुढे उघडीप मिळाली. गावच्या पिण्याच्या पाण्याची लाईन त्याच जॅकवेलवर, म्हणून मोटारी परत बसवल्या. पण भर पावसाळ्यात नदी 18 च्या खाली उतरते कशाला! लॉगरच्या लेखी जूनचाच अलार्म अजून चालू होता, आणि जुना सुटल्याशिवाय नवा लागत नाही. जुलैत एका रात्रीत पाणी चढलं, आणि हा पठ्ठ्या गप्प. सकाळी पंपहाऊसचा नुसता पत्रा दिसत होता. रिवाइंडिंगचा खर्च राहू द्या, गावाला टँकर लागले.

आता आम्ही लागणं आणि सुटणं यात फक्त 1 फूट ठेवतो. शिवाय सलग दोन रीडिंग मर्यादेच्या वर आली तरच अलार्म. वर 27 फुटांना दुसरा, स्वतंत्र अलार्म. एरवी 15 मिनिटांनी रीडिंग आणि 6 तासांनी पाठवणं. अलार्म असेपर्यंत 5 मिनिटांनी रीडिंग आणि अर्ध्या तासाने पाठवणं. हे आमच्या नदीचं गणित झालं, तुमचा काठ वेगळा असेल. मी संस्थेचा सचिव आहे, इंजिनिअर नव्हे. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं धरा.

एक मात्र ठामपणे सांगतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची 39 फूट इशारा, 43 फूट धोका ही पातळी आपल्या अलार्मला लावू नका. ती लोकांसाठी आहे, आपली मोटार त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जाते. मोटारी काढायला किती तास लागतात ते मोजा आणि अलार्म तेवढा आधी लागेल इतका खाली घ्या.

आणि ते लॉगरमधलं सिमकार्ड! सिमच्या कंपनीच्या एका कार्यालयात मी चार खेपा घातल्या. मशिनच्या सिमवरून ठरावीक नंबरांनाच मेसेज जातो, हे चौथ्या खेपेला कळलं, तेही चहा आणून देणाऱ्या मुलाकडून. साहेबांनी तीनदा नुसता फॉर्म दिला. पुरात टॉवरची वीज गेली तर तोही उपाय संपला, म्हणून ठरलेला डेटा चुकला की सर्व्हरनेच आपल्याला फोन करावा, अशी सोय मागून घ्या.

चाचणी मे महिन्यातच करा. मर्यादा 2 फुटांवर आणा आणि सेन्सर पाण्याच्या बॅरलमध्ये सोडा. मेसेज आला की बाहेर काढा, अलार्म सुटू द्या, परत सोडा. ही दुसरी डुबकी मी कधी दिलीच नव्हती. नंतर मर्यादा जागेवर न्यायला विसरू नका, नाहीतर पहिल्या वळवाला रात्री दोनला फोन वाजतो आणि घरचे तो फोनच उचलून फेकायला निघतात.