भिंत रंगवण्याआधी: ॲबोरिजिनल तरुण, व्यसनं आणि सामुदायिक कला

ऑस्ट्रेलियात समाजकार्य, आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रांत असलेल्या मराठी वाचकांच्या प्रश्नांना ही उत्तरं. शेवटचा प्रश्न महाराष्ट्रातला आहे.

प्रश्न: मी मेलबर्नमध्ये समाजकार्य शिकते. ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या एका वस्तीत प्रात्यक्षिकासाठी जाणार आहे. दारू-गांजाबद्दल मुलांशी बोलता यावं म्हणून भित्तिचित्राचा उपक्रम घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करू?

चित्राचा आराखडा सोबत नेऊ नका. आधी त्या भागातली, ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाचा मूळनिवासी) समाजच चालवतो ती आरोग्यसेवा गाठा. अशी पहिली सेवा १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात सुरू झाली. आज त्या देशभर आहेत. तिथे विचारा: ही जमीन कोणाची, इथली कोणती कथा कोण सांगू शकतं, शब्द कोणाचा घ्यायचा. प्रत्येक कथेचे आणि नक्षीचे हक्कदार ठरलेले असतात. काही गोष्टी फक्त पुरुषांच्या, काही फक्त बायकांच्या असतात, त्यामुळे मुलामुलींचे गट बऱ्याचदा वेगळे ठेवावे लागतात. वस्तीत मृत्यू झाला की दुखवट्यात काम थांबतं. आठ आठवड्यांच्या कामाला बारा धरा. गेलेल्या माणसाचं नाव किंवा चेहरा घरच्यांना विचारल्याशिवाय वापरू नका. ज्येष्ठांचं आणि स्थानिक चित्रकाराचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा.

पापुन्या या मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल वस्तीचा इतिहास वाचा. तिथल्या शाळेच्या भिंतीवर १९७१ मध्ये ज्येष्ठ पुरुषांनी मधमुंगीची कथा रंगवली. चित्रकला शिक्षक जेफ्री बार्डन यांनी उत्तेजन दिलं, पण कथा आणि परवानगी ज्येष्ठांची होती. वाळवंटातल्या आधुनिक चित्रकलेला तिथून मोठी चालना मिळाली. ते मूळ चित्र मात्र पुढे रंग मारून बुजवलं गेलं. म्हणून भिंतीच्या मालकाकडून लेखी घ्या: चित्र किती वर्षं राहील, डागडुजी कोण करेल आणि पुसायची वेळ आली तर कोणाला विचारलं जाईल.

प्रश्न: मुलांना ग्राफिटी आवडते. स्प्रेचे डबे दिले तर जास्त मुलं येतील ना?

येतील, तरीही देऊ नका. स्प्रे पेंटमधला वायू आणि द्रावक हुंगणं हेही व्यसनच आहे. पेट्रोल हुंगण्यानं मध्य ऑस्ट्रेलियातल्या कित्येक वस्त्या पोळल्या. २००५ पासून ओपल हे कमी ॲरोमॅटिक द्रव्यांचं (हुंगल्यावर नशा आणणारी द्रव्यं कमी असलेलं) पेट्रोल आलं, त्याला तरुणांसाठीच्या उपक्रमांची जोड मिळाली आणि हुंगण्याचं प्रमाण खूप घटलं. पण डिओडरंट, गोंद आणि स्प्रे पेंट सहज हाताशी असतात. हुंगल्यामुळे हृदयाची लय अचानक बिघडून पहिल्याच वेळीसुद्धा जीव जाऊ शकतो. दचकलं किंवा जोरात पळालं तर धोका वाढतो. म्हणून कोणी हुंगताना दिसलं तर ओरडू नका, पाठलाग करू नका. मोकळ्या हवेत शांत बसवा, एकटं सोडू नका. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवून ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा.

रंग पाण्यात मिसळणारा, बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिकच घ्या. ग्राफिटीचा बाज हवा असेल तर पाण्याचे पेंट मार्कर आणि स्टेन्सिलवर स्पंज चालतो. थिनर आवारातही नको. डबे मोजून द्या, मोजून परत घ्या आणि कुलपात ठेवा.

६ मीटर लांब आणि २.५ मीटर उंच भिंत म्हणजे १५ चौरस मीटर. सिमेंटच्या खरबरीत ठोकळ्यांवर एका लिटरमध्ये साधारण सात-आठ चौरस मीटरच होतात. म्हणजे प्रायमर दोन लिटर, पार्श्वभूमीच्या दोन हातांना चार लिटर, आणि चित्राचे पाच-सहा रंग एकेक लिटर. नवं प्लास्टर किमान चार आठवडे सुकू द्या, नाहीतर लोणा फुटून रंग सुटतो. तांबडी धूळ धुऊन एक दिवस जाऊ द्या; धुळीवर मारलेल्या रंगाचे पापुद्रे निघतात. भिंत ३५ अंशांच्या वर तापली की रंग ब्रशवरच आळतो, म्हणून मे ते ऑगस्ट हा तिथला थंडीचा काळ बरा. त्या दिवसांत पहाटे कडाका असतो. भिंत १० अंशांच्या वर आल्यावरच हात घाला. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेच्या भिंतीवर जास्त येतं, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवरचं चित्र उशिरा विटतं.

प्रश्न: कवटी, सिरिंज, फुटक्या बाटल्या असं काढावं का? आमच्या निधीदात्यांना ‘कडक संदेश’ हवा आहे.

नको. भीतीच्या चित्रांनी न पिणारा मान डोलावतो आणि पिणारा नजर वळवतो. सोडण्याच्या धडपडीत असलेल्याला बाटलीचं चित्र तलफही आणू शकतं. शिवाय ‘हे सगळे दारुडे’ हा शिक्का भिंतीवर कायमचा बसतो, आणि तो खोटाही आहे: ऑस्ट्रेलियात अजिबात दारू न पिणाऱ्यांचं प्रमाण ॲबोरिजिनल लोकांत इतरांपेक्षा जास्त आहे. जे पितात त्यांच्यात घातक प्रमाणात पिणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, हेही खरं. दोन्ही गोष्टी मुलांसमोर मांडा.

चित्रात करता येण्याजोगी कृती दाखवा. बेशुद्ध मित्राला कुशीवर कसं वळवायचं हे तीन चौकटींत काढता येतं: वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवलेला, गालाखाली हात, तोंड जमिनीकडे कललेलं. मुलांना एकमेकांवर करून पाहायला लावा, त्यांच्याच अंगाची बाह्यरेषा भिंतीवर उतरवा. हात कुठे जातो हे मग त्यांना सांगावं लागत नाही. खाली १८०० २५० ०१५ ही व्यसनविषयक मदतवाहिनी आणि १३ ९२ ७६ ही ॲबोरिजिनल व टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या मूळनिवासी लोकांसाठीची वाहिनी ठळक लिहा, आणि स्थानिक दवाखान्याची वेळ. शब्द मुलांचेच, त्यांच्या भाषेतले असावेत.

प्रश्न: रंगवताना एखादा मुलगा घरातल्या मारहाणीबद्दल किंवा स्वतःच्या व्यसनाबद्दल बोलू लागला तर?

तो बोलेलच. हात कामात आणि नजर भिंतीवर असली की मुलं मोकळी होतात. या उपक्रमाचं खरं बळ तेच आहे. म्हणून दहा-बारा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत, त्यांतलं एक मुलांच्या ओळखीतलं आणि आरोग्यसेवेतलं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. नॉर्दर्न टेरिटरीत (ॲलिस स्प्रिंग्ज याच प्रदेशात येतं) बालकाला इजा होत असल्याचा रास्त संशय आला तर ते कळवणं प्रत्येक प्रौढावर बंधनकारक आहे, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगा. ऐकून घ्या, खोदून विचारू नका आणि त्याच दिवशी आरोग्यसेवेतल्या त्या माणसाशी गाठ घालून द्या. दोन दिवसांनी ‘ये भेटायला’ म्हटलं तर मुलगा येत नाही.

प्रश्न: उपक्रमाचा परिणाम निधीदात्यांना कसा दाखवावा?

भित्तिचित्रानं व्यसन कमी झालं असा दावा करू नका. तेवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. किती मुलं शेवटपर्यंत टिकली, किती जण दवाखान्यात स्वतःहून गेले, कुशीवर वळवणं महिन्यानंतर किती जणांना करून दाखवता आलं, हे मोजा.

प्रश्न: पालघरमधल्या आमच्या शाळेत व्यसनमुक्तीसाठी ॲबोरिजिनल ठिपक्यांची चित्रं काढली तर?

काढू नका. त्या ठिपक्यांखाली ज्यांच्या कथा आहेत ते लोक तिथे परवानगी द्यायला नसतील. पालघरमध्ये वारली चित्रकला घरचीच आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. गावातल्या वारली चित्रकारांना मानधन देऊन बोलवा आणि लग्नाच्या चौकासारखं काय शाळेच्या भिंतीवर काढायचं नाही, हे आधी त्यांनाच विचारा.