मुलगी सारखी मरणाचा खेळ खेळते, कार्टून बंद करू का?

"मॅडम, ते कुत्र्यांचं कार्टून बंदच करून टाकतो. तुम्ही फक्त हो म्हणा की."

माझ्या सोलापूरच्या समुपदेशन केंद्रात समोर बसलेल्या गृहस्थांनी पहिल्या पाच मिनिटांतच उपाय ठरवून टाकला होता. ते टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहेत आणि वय चाळिशीच्या आसपास आहे. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची साडेपाच वर्षांची मुलगी दीड महिन्यापासून रोज एकच खेळ खेळत होती. खेळण्यातला पोपट पिवळ्या हातरुमालात गुंडाळायचा, डॉक्टरांकडे न्यायचा, डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवायची आणि पोपट मरायचा. मग रुमाल झटकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन महिन्यांपूर्वी घरातले आजोबा वारले होते. अजून दुःख ओले असताना नातीच्या तोंडी सतत 'मेला, मेला' ऐकणे आजीला सहन होत नव्हते, आणि साऱ्याचे खापर फुटले होते ते मुलगी मोठ्या आवडीने पाहत असलेल्या 'ब्लुई' या मालिकेवर.

अशी तक्रार माझ्याकडे नवी नाही. मालिकेचे नाव बदलते, काळजी तीच असते. मात्र एखादी गोष्ट स्वतः न पाहता ती बंद करा किंवा चालू ठेवा असे सांगणे मला पटत नाही, म्हणून मी त्यांच्याकडून आठवड्याची मुदत मागून घेतली आणि रात्री जेवण आटोपल्यावर ही मालिका पाहायला बसले.

मुलांची कार्टून म्हणजे आरडाओरडा आणि पाठलाग, असा माझा ग्रह होता. तो पहिल्याच रात्री बाजूला ठेवावा लागला. ब्रिस्बेनमध्ये तयार होणारी ही मालिका 2018मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तिच्या एका भागाची लांबी साधारण सात मिनिटे असते. गुरे राखणाऱ्या जातीच्या कुत्र्यांचे हे कुटुंब आहे: सहा वर्षांची ब्लुई, चार वर्षांची बिंगो आणि त्यांचे आईवडील. त्यात दुष्ट पात्र नाही, जादू नाही. घर, अंगण, बाजार आणि मुलांनी दिवसभर रचलेले खेळ एवढाच ऐवज. मला सर्वांत जास्त भावले ते मोठ्यांचे चित्रण. वडील दमतात, खेळातून सुटका करून घेण्याच्या सबबी शोधतात, आई काही वेळ एकटी बसू देण्याची विनवणी करते, आणि तरीही मुलांनी दिलेली भूमिका ती दोघे मनापासून वठवतात. मुलांच्या खेळाला इतक्या गांभीर्याने घेणारी मोठी माणसे पडद्यावर मी क्वचितच पाहिली आहेत.

मुलीच्या खेळाचे मूळ असलेला भागही सापडला. त्याचे नाव 'कॉपीकॅट'. ब्लुई वडिलांच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करत असते. अशातच त्यांना जखमी झालेला एक छोटा बजरीगर पोपट सापडतो. ते त्याला पशुवैद्याकडे नेतात, पण तो वाचत नाही. घरी आल्यावर ब्लुई घडलेला प्रसंग आई आणि बिंगोला घेऊन पुन्हा खेळते, आणि या खेळात पक्षी वाचलेला तिला चालत नाही. जसे घडले तसेच तिला हवे असते. मालिका इथे कोणताही उपदेश करत नाही. हा भाग मी सलग दोनदा पाहिला, आणि दुसऱ्यांदा पाहताना माझ्या लक्षात आले की आपल्या पाहुण्यांना एक प्रश्न विचारायचा राहिला आहे.

मी त्यांना फोन करून सांगितले, की मुलगी खेळताना जे जे बोलते ते जसेच्या तसे कागदावर उतरवून आणा. पुढच्या भेटीत त्यांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. पोपट, रुमाल, डॉक्टर हे सारे ओळखीचे होते. मग एक ओळ आली: "हॅलो ताई, तू लगेच निघ. हुतात्मा सापडते का बघ. अण्णांचं काही खरं नाही."

मी त्यांना थांबवले आणि एवढेच म्हटले, की त्या भागात कोणी कोणाला फोन करत नाही.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. तो फोन त्यांनी स्वतः केला होता. डॉक्टरांनी आशा सोडा असे सांगितल्यावर, कपडे बदलण्यापुरते घरी आले असताना, दुपारी गॅलरीत उभे राहून त्यांनी पुण्याच्या बहिणीला हे शब्द सांगितले होते, म्हणजे तिला संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडता यावी. मुलगी आत झोपली आहे अशी त्यांची समजूत होती. पोपटाच्या खेळात पोपट तेवढा मालिकेतला होता; बाकीचे त्यांच्याच घरातले होते.

मुलीला काय सांगितले होते, हे मी तेव्हा विचारले. अंत्यविधीच्या दिवशी तिला शेजारी पाठवले होते आणि नंतर "आजोबा देवाघरी गेले" असे सांगितले होते. आता ही मुलगी दर सोमवारी आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून सिद्धेश्वराच्या देवळात जात असे आणि तळ्यातल्या माशांना फुटाणे टाकत असे. तिच्या लेखी देवाचे घर म्हणजे तळ्यात उभे असलेले ते देऊळ. आजोबा वारल्यापासून ती सोमवारी देवळात जाण्याचा हट्ट का धरते आणि तिथे गेल्यावर खांबांमागे डोकावून का पाहते, याचा घरात कोणालाच उलगडा झाला नव्हता. हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज बदलला.

हंगेरीतल्या मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांवर 1948मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाच वर्षांपर्यंतची मुले मरण म्हणजे कुठेतरी निघून जाणे किंवा झोपणे मानतात, असे त्यात आढळले. निघून गेलेला माणूस परत येऊ शकतो. ही मुलगी अशाच उंबरठ्यावर होती: फोनवरचे शब्द, घरातली रडारड आणि कोणीही न सांगितलेला अर्थ तिच्याजवळ होता, आणि त्यांचा मेळ घालायला 'कॉपीकॅट'ने तिला खेळाचा साचा दिला. मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी 1920मध्ये आपल्या दीड वर्षाच्या नातवाचे वर्णन केले आहे. आई बाहेर गेली की हा मुलगा दोरा बांधलेले लाकडी रीळ दूर फेकून पुन्हा ओढून घेत असे. जे सोसणे हातात नव्हते ते खेळात हाती घेण्याची ही धडपड होती. मी हे उदाहरण दिले तेव्हा, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेले ते गृहस्थ चटकन म्हणाले, "आम्ही पण सुताच्या कांड्यांनी खेळायचो."

आजीसाठीही एक निरोप दिला. आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पंचतंत्र सांगत आलो. त्यात कारस्थानाला बळी पडून पिंगलक सिंह आपल्याच मित्राला, संजीवक बैलाला, ठार मारतो आणि ती गोष्ट अपशकुनी म्हणून कोणी थांबवत नाही.

मालिका बंद करू नका, असे मी सांगितले. मुलीशी बोला. "आजोबा वारले. त्यांचं शरीर चालायचं थांबलं. त्यांना आता भूक लागत नाही, दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत," इतक्या साध्या शब्दांत बोला, 'झोपले', 'गावाला गेले' हे शब्द टाळा, नाहीतर तिला झोपेची किंवा तुमच्या प्रवासाची भीती बसेल. ती पुन्हा पुन्हा विचारेल, तेव्हा उत्तर बदलू नका. खेळायला बोलावले तर जा, आणि पोपटाला वाचवू नका. मात्र खेळ संपल्यावर ती मोकळी न होता अधिकच बावरत असेल, झोप उडाली असेल, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल किंवा 'मलाही आजोबांकडे जायचंय' असे म्हणत असेल, तर थांबू नका, तिलाच घेऊन माझ्याकडे या.

आणखी एक गोष्ट मी मागितली: तो भाग तुम्ही तिच्या शेजारी बसून शेवटपर्यंत पाहा. दवाखान्याचे दृश्य आले की आपण दरवेळी उठून बाहेर जातो, हे त्यांनी तेव्हा कबूल केले. वडिलांच्या जाण्यानंतर कागदपत्रे, बाराव्या-तेराव्याचा खर्च, आईची औषधे यांत ते एकदाही रडले नव्हते.

तीन आठवड्यांनी ते आले. पहिल्या खेपेला मुलीने त्यांना पोपट केले होते आणि रुमाल पुरला नाही म्हणून आजीची सोलापुरी चादर ओढून आणली होती. चादरीखाली त्यांना रडू आवरले नाही. मुलीने चादर वर करून पाहिले, "पप्पा, मेलेला पोपट रडत नाही," असे समजावले आणि थोडा वेळ शेजारी पडून राहिली.

खेळ आता रोज होत नाही. झाला तरी पोपट मेल्यावर तो थांबत नाही: हुतात्मा येते, आत्या स्टेशनवरून रिक्षाने घरी पोहोचते, आणि आजी तिच्यासाठी खोटाखोटा चहा टाकते.