शनिवारचं बिल

पत्र (थोडक्यात):

मावशी, मी ३६ वर्षांचा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. हातात ४२,००० येतात. तीन क्रेडिट कार्डांची मिळून बाकी २,८६,००० झालीय, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. दोन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे ४०,००० तेवढे होते. मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरावीच लागणारी रक्कम) मी एकदाही चुकवलेला नाही, सध्या तिन्हींचा मिळून १४,३०० भरतो, तरी आकडा वाढतोच आहे. घरात खर्चाला धरबंध नाही. बायको सारखं ऑनलाइन मागवते. महिन्याला दोनेक हजार तरी जात असतील. दारात पार्सलवाला उभा आणि ही डब्यातले पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवतेय, हे आमच्याकडे नेहमीचं. सांगून थकलो. कार्डाच्या बाकीचं तिला बोललेलो नाही, उगाच टेन्शन घेईल. माझा स्वतःचा खर्च म्हणाल तर शनिवारी शाळेतल्या मित्रांबरोबर जेवण, माणशी सहाशेच्या आसपास. तेही बिल मी कार्डावर देतो, बाकीचे सहा जण जागेवर पैसे पाठवतात, वर पॉइंट्स मिळतात (गेल्या दिवाळीची इस्त्री त्यातलीच). पर्सनल लोन काढू की बॅलन्स ट्रान्सफर करू (म्हणजे बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर नेऊ)? फौंड्रीची पतसंस्था आहे, पण तिथं दोन जामीनदार लागतात, म्हणून ते नको. आणि बायकोला कसं समजावू?
— नाव नको, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर:

अरे बाबा, तुझ्या मूळ पत्रात बायकोवर दीड पान आहे आणि शनिवारवर दोन ओळी. मी त्या दोन ओळींवरच अडकले.

बायकोचं आधी उरकते. पार्सलवाल्याला ती डब्यातले पैसे मोजून देते, हे तूच लिहिलंयस. म्हणजे कार्डावर तिचा एक रुपयाही नाही. ज्या आकड्यानं तुझी झोप उडवलीय, त्यात तिचा कुर्ता नाही, पोराची स्केचपेनं नाहीत, काही नाही. घरात रोख आहे तेवढ्यातच भागवणारी माणूस ती एकटी. तिला समजवायचा प्रश्न इथे संपला.

आता शनिवार. सात जण, माणशी सहाशे, बिल ४,२००. तू कार्ड काढतोस. सहा जण तिथल्या तिथे फोन काढतात आणि तुझ्या खात्यात ३,६०० जमा होतात. मग ते ३,६०० कुठं जातात रे? पत्रात कुठंच नाही. मला वाटतं तू लपवलेलं नाहीस, तुला तो प्रश्नच पडलेला नाही. ते त्याच रात्री कार्डात भरले असतेस तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तू तसं करत नाहीस. ते पगाराच्या खात्यात पडतात आणि रविवारी सकाळी पेट्रोल होतात, मटण होतात, सोमवारी दुधाचं बिल होतात. चार शनिवारचे मिळून १४,४००. फौंड्री तुला ४२ हजार देते आणि मित्र साडेचौदा. तुझं गणित दोन वर्षं छप्पन हजारांच्या अंदाजानं चाललंय, आणि तुला वाटतंय बायको उधळी आहे.

हे चौदा हजार चारशे म्हणजे बँकेनं तुला दिलेलं कर्ज, मित्रांच्या फोनवरून फिरून आलेलं. आणि त्यावरचं व्याज त्याच रात्रीपासून सुरू होतं. कार्डावर पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात असं जे सगळे सांगतात ना, ते मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच. थोडी जरी बाकी मागं राहिली की ती सवलत जाते, आणि नवीन खर्चावर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे गड्यांनी पैसे जागेवर दिले, ते मोकळे झाले, आणि त्यांच्या ताटांवरचं वर्षाला ४२ टक्के व्याज तू एकटा भरतोयस. तुझा एक मित्र दाताचा डॉक्टर आहे, एकाची गुजरीत सोन्याची पेढी आहे, एकाचा शिरोळकडं बारा एकर ऊस आहे, असं तू मोठ्या कौतुकानं लिहिलंयस. त्यांच्या मटणाचं व्याज भरतोय फौंड्रीतला सुपरवायझर!

मिनिमम ड्यू कधी चुकवला नाही हे तू अभिमानानं सांगितलंस, तर त्याचाही हिशेब बघ. २,८६,००० वर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याचं व्याज १०,०१०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,८०२. तू भरतोस १४,३००. मुद्दलातून कमी होतात जेमतेम अडीच हजार, आणि तेवढ्यात शनिवारी शनिवारी मिळून नवे १६,८०० त्याच कार्डांवर चढतात. आता ‘आकडा वाढतोच आहे’ याचं कोडं राहिलं का? फक्त मिनिमम भरलं तर फेड वर्षानुवर्षं लांबेल अशी सूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक स्टेटमेंटवर छापावी लागते. तुझ्याही तिन्हींवर असणार. आणि मित्र देतात १४,४००, तू भरतोस १४,३००. मित्रांच्याच पैशानं तू बँकेचा हप्ता चुकवत नाहीस, आणि पुढच्या शनिवारी परत बँकेच्या पैशानं मित्रांना जेवायला घालतोस.

पॉइंट्सचं तर नावच काढू नको. शंभर-दीडशे रुपयांना एक-दोन पॉइंट, आणि एका पॉइंटची किंमत साधारण चार आणे. आजच्या बाकीवर वर्षाचं व्याज आणि कर मिळून १,४०,००० च्या वर जातात. अख्ख्या कोल्हापुरातली सगळ्यात महागडी इस्त्री तुझ्या घरी आहे.

एवढं बोलले, पण माझा राग तुझ्यावर टिकत नाही. कारण मीही याच गावची. इथं घरी आलेल्याला पाण्याआधी ‘जेवलाय काय?’ विचारतात. इथं हॉटेलच्या काउंटरवर बिलावरून झटापट होते: एक जण दुसऱ्याचा हात धरून ठेवतो, तिसरा मालकाला डोळ्यानंच खुणावतो की त्याचे घेऊ नको. त्या गर्दीत खिशात हात न घालता मागं उभं राहणं काय असतं, ते मला माहीत आहे. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून तुम्ही सातही जण एकत्र खेळलात, असं तू लिहिलंयस. तेव्हा कुणाच्या बापाची पेढी आहे आणि कुणाचा ऊस आहे, हे मैदानात कुणी विचारत नव्हतं. आता टेबलावर बसलं की कुणी नवी गाडी घेतलेली असते, कुणी उजळाईवाडीला प्लॉट. तुझ्याकडं सांगण्यासारखं काय? मशीन बंद पडलं, मोल्डिंगला माल रिजेक्ट झाला. म्हणून बिल आलं की तू पहिला हात पुढं करतोस. कार्ड काढणाऱ्याला ‘अजून एक सुकं सांग रे’ म्हणता येतं. वेटर वही त्याच्यासमोर ठेवतो. सात जणांत आठवड्यातून दोन तास तू यजमान असतोस, आणि ते दोन तास तुला फार हवे आहेत. पॉइंट्सचं कारण तू स्वतःला दिलंयस, मला नको देऊ.

तर माझं सांगणं एकच आहे, आणि ते या शनिवारचं आहे.

तिन्ही कार्डं घरी ठेवून जेवायला जा. त्यातलं एखादं रुपे क्रेडिट कार्ड फोनच्या यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही काढून टाक, नाहीतर पाकीट घरी ठेवूनही तू बिल देऊन येशील, मला खात्री आहे. ताटं यायच्या आधी, बसल्या बसल्या सांग, ‘आज बिल दुसऱ्या कुणीतरी द्या रे, मी माझे सहाशे पाठवतो.’ बिल आल्यावर नाही सांगायचं, तेव्हा तुझा हात आपोआप खिशाकडं जाईल. कुणी का म्हणून विचारलं तर ‘कार्डावर बाकी झालीय’ एवढंच. रक्कम सांगायची गरज नाही, रडायचीही नाही. एखादा थट्टा करेल. करू दे. दुसरा म्हणेल, ‘आधी सांगायचं की गड्या’, आणि विषय फुटबॉलवर जाईल. मग सहाशे पाठव, रस्सा पी आणि घरी ये.

जाणं बंद करू नको. खर्च कमी करायचा म्हणून आधी मित्र सोडणारे लोक मी बघितलेत. दोन महिन्यांत कंटाळून ते दुप्पट खर्चाला लागतात. फार तर महिन्यातले दोन शनिवार गंगावेशीला दुधाच्या कट्ट्यावर भेटा. म्हशीशेजारी उभं राहून धारोष्ण दुधाचा पेला घेतला तर तिथं बिलावरून कुणाची इज्जत जात नाही.

तू विचारलेल्या कर्जाच्या प्रश्नाला मी मुद्दामच आत्तापर्यंत हात लावला नाही. शनिवार जसा आहे तसा राहिला तर बॅलन्स ट्रान्सफर कर नाहीतर पर्सनल लोन काढ, तिन्ही कार्डं रिकामी होतील आणि वर्षभरात पुन्हा चढायला लागतील. मग हप्ताही असेल आणि बाकीही. म्हणून आधी शनिवार आणि मग सोमवारी, लगेचच्याच सोमवारी, पतसंस्थेत अर्ज. तुझ्या संस्थेचा दर विचारून घे. बारा टक्के धरले तर २,८६,००० चा तीन वर्षांचा हप्ता साडेनऊ हजार होतो. आता भरतोस त्याहून जवळजवळ पाच हजार कमी, आणि छत्तिसाव्या हप्त्याला संपणारा. तीन वर्षांचं मिळून व्याज छप्पन हजारांच्या आसपास. कार्डावर तेवढं पाच महिन्यांत जातं.

जामीनदार लागतात म्हणून ते नको म्हणालास. मी तर जामीनदार लागतात म्हणूनच तिथं पाठवतेय. कार्डानं दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही की बाबा, कशाला हवेत? पतसंस्थेत दोन माणसांना सांगावं लागेल, ते विचारतील, एखादा चार शब्द ऐकवेलही. पुढं कधी हप्ता चुकवावासा वाटला तर त्यांच्या पगारातून कापला जाईल, हे तुझ्या डोक्यात राहील. फौंड्रीतले तुझ्याच पाळीचे दोन जण धर. गुजरीवाल्याकडं हातउसने मागायला जाऊ नको, त्याच्या समोरच्या खुर्चीवर तुला अजून पुष्कळ शनिवार बसायचंय.

कर्ज मिळाल्याच्या दिवशीच तिन्ही बाक्या शून्य कर आणि दोन कार्डं बंद करायचा लेखी अर्ज दे. बाकी नसेल तर बँकेला सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये तुला द्यावे लागतात. तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कस्टमर केअरवाले ‘सर, लिमिट वाढवून देतो’ म्हणतील. ऐकून घे आणि फोन ठेव. तिसरं कार्ड राहू दे, पण त्याची मर्यादा पंधरा हजारांवर आणून घे.

आता घरचं. आजवर तुझा बहुतेक पगार घरात येत होता, कारण बँकेचा हप्ता मित्रांच्या पैशातून जात होता. पुढच्या महिन्यापासून पगारातून साडेनऊ हजार कापले जाणार. ४२ मधले साडेबत्तीस उरणार. हे बायकोपासून लपणारं नाही आणि लपवायचंही नाही. ‘उगाच टेन्शन घेईल’ हे वाक्य मी नवऱ्यांच्या पत्रांत इतक्यांदा वाचलंय की त्याच्यापुढचं मला आता वाचवत नाही. शनिवारी रात्री जेवून आलास की तिन्ही स्टेटमेंटं तिच्यासमोर ठेव. सगळा आकडा एकदम सांग, अर्धा आज अर्धा दिवाळीनंतर असं नको. ती डब्यातले पैसे मोजून खर्च करणारी बाई आहे. साडेनऊ हजार कुठून कमी करायचे हे तुझ्याआधी तिला सुचेल, आणि त्यात पहिली काट तिच्याच पार्सलांवर ती स्वतः मारेल, बघ. तू मात्र त्या रात्री पार्सलांबद्दल चकार शब्द काढायचा नाहीस. ती चिडली तर चिडू दे. दोन वर्षं तुझ्या शनिवारांपायी ती उधळी ठरलीय.