एका खोलीतला नाताळ

प्रश्न : वसईतील आमच्या एका खोलीच्या घरात नाताळचे झाड ठेवायला जागाच नाही. सजावट कशी करावी?

उत्तर : झाडाचा हट्ट सोडा; माझ्या मते नाताळची खरी शोभा गोठ्यातच, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातच आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे उभारलेल्या गोठ्यापासून रूढ झालेली ही प्रथा खिडकीच्या कट्ट्यावरही मावते. पसरट ताटलीत माती घालून भिजवलेली नाचणी दहा-बारा दिवस आधी पेरली आणि रोज हलके पाणी शिंपडले, की नाताळपर्यंत बोटभर कोवळी हिरवळ उगवते, जिच्यापुढे विकतचे प्लास्टिकचे गवत अगदीच केविलवाणे दिसते. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीच ठेवावी. कागदी तारा दाराबाहेर टांगावा व त्यात एलईडी दिवाच लावावा, कारण जुन्या पद्धतीच्या बल्बच्या उष्णतेने कागद करपतो.