"जमेल का?" असं विचारलं होतं साहेबांनी

मी समुपदेशक आहे, नारळी पौर्णिमा झाली की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टपासून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला परत बोटी लागायला लागतात, माल वाढतो आणि इथल्या फिश कंपन्यांमध्ये शिफ्टा बदलतात. मग "मॅडम, टायमिंग बदलायला सांगितलंय, नाही म्हटलं तर नोकरी जाईल, हो म्हटलं तर घराचं काय?" हॉटेलात काम करणारे, हॉस्पिटलातले, लोट्याच्या केमिकल कंपन्यांतले, सगळे थोड्याफार फरकाने हेच बोलतात. म्हणून एकीचं सांगते, तिला विचारूनच लिहितेय, नाव बदललंय.

सुरेखा पॅकिंगला, राहायला पावस गावाच्या बाजूला एका वाडीत. नवरा मुंबईत, घरी सासूबाई आणि दुसरीतली मुलगी. ड्युटी 9 ते 5 ची होती ती दुपारी 2 ते रात्री 10 होणार होती. साहेबांना ती जागच्या जागी "हो सर" म्हणून आली, घरी एक शब्द बोलली नाही आणि चार रात्री जागून काढल्या.

पहिली दोन सेशन्स रडण्यात गेली, जाऊ दिली मी. तिसऱ्या वेळी विचारलं, "साहेब नक्की काय म्हणाले? त्यांचेच शब्द सांग."

"म्हणाले, उद्यापासून..." आणि थांबली. "नाही, उद्यापासून नाही म्हणाले."

"मग?"

ती खिडकीकडे बघत राहिली, बाहेर पाऊस कोसळत होता. मी गप्प बसले, असं गप्प बसायला शिकण्यात माझी कितीतरी वर्षं गेलीत. मग म्हणाली, "म्हणाले, सुरेखा, पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या शिफ्टला जमेल का तुला, बघ." आणि हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मॅडम, त्यांनी विचारलेलं हो."

तो क्षण मी अजून विसरले नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी विवेकी विचारपद्धत मांडली तिच्यावर माझा भरवसा आहे तो अशा क्षणांमुळेच. माणूस घडलेल्या गोष्टीने जेवढा हलतो त्याहून जास्त त्या गोष्टीबद्दल मनात जे वाक्य बोलतो त्याने हलतो. सुरेखाच्या मनातलं वाक्य होतं, "साहेबांचा चेहरा पडला की माझं काही खरं नाही." चेहरा पडणं वाईट वाटतंच, पण तिने ते आणि नोकरी जाणं एकाच तराजूत घातलं होतं. मी विचारलं, सासूबाई काय म्हणतात? "त्या नाहीच म्हणतील." विचारलंस? विचारलं नव्हतं. म्हणजे साहेबांच्या वतीने हुकूम हिनेच काढलेला आणि सासूबाईंच्या वतीने नकारही हिनेच दिलेला! लोट्याचा एक मुलगा याच्या बरोबर उलट, ऐकल्या ऐकल्या "जमणार नाही" म्हणून भांडून आला होता, पण प्रश्न पुरता ऐकला नाही हे दोघांचंही सारखंच.

म्हणून माझं पहिलं सांगणं, तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. "बघून सांगते सर, दोन दिवस द्या," एवढं म्हटल्याने कुणी उद्धट ठरत नाही. आधी हो म्हणून बसला असाल तरी परत जाऊन बोलता येतं, सुरेखा गेली. त्या दोन दिवसांत घरात बोला आणि साहेबांना विचारायचं ते कागदावर काढा, हे सीझनपुरतं की कायमचं, आठवड्यातले सगळे दिवस की काही, रात्री 10 ला सुटल्यावर घरी कसं पोचायचं. शेवटची एसटी निघून गेलेली असते, रिक्षाचे पैसे रोज कोण देणार? आणि नुसती अडचण घेऊन जाऊ नका, काय जमेल तेही सांगा. ठरलं की व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका, "सर, आज असं असं ठरलं," तोंडी ठरलेलं महिन्याभरात दोघांना वेगवेगळं आठवतं.

कायद्याचंही माहीत असू दे. कामगार म्हणून जे मोडतात त्यांच्या कामाच्या तासांत बदल करायचा तर मालकाने 21 दिवस आधी नोटीस द्यायची असते, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कंपनीच्या स्थायी आदेशांप्रमाणेच, म्हणजे कामाच्या अटींच्या लेखी नियमांप्रमाणेच, शिफ्ट बदलत असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून अपॉइंटमेंट लेटर आणि ते आदेश एकदा वाचाच. पण पहिल्याच बोलण्यात कलम काढू नका, आधी माणसासारखं विचारून बघा.

सुरेखाने घरी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "मी आहे की, पोरीला जेवू घालून झोपवीन, पण तू रात्रीची एकटी येणार कशी ते आधी सांग." साहेबांकडे तिने आठवड्याचे तीन दिवस आणि घरापर्यंत गाडी मागितली. चार दिवसांवर ठरलं, दिवाळीपर्यंत. गाडी मिळाली ती मेन रोडपर्यंतच, तिथून वाडीत जायला सासूबाई बॅटरी घेऊन उभ्या असतात आणि ते तिला अजून खटकतं, म्हणून गाडी आतपर्यंत यावी यासाठी परत बोलायचं तिने ठरवलंय, या वेळी काय बोलायचं ते माझ्याकडे न येता स्वतःच लिहून काढलंय.