नाव लिहिलंस की त्यापुढे कृत्य लिही

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. हुंड्यासाठी छळाच्या फिर्यादीत अशीलाचे वडील म्हणतायत सासरच्या सगळ्यांची नावं टाका, तुझे सिनियर म्हणतायत टाकून दे, त्याशिवाय समोरचे तडजोडीला बसत नाहीत, आणि तुला ते पटत नाहीये पण नावं गाळली तर पोरीवर अन्याय होईल ही पण भीती. बरोबर आहे भीती. पण उत्तर एकच आहे. ज्याचं नाव लिहिशील त्याच्यापुढे त्याने काय केलं ते लिही. कधी, कुठे, कोणादेखत. लिहिता येत नसेल तर ते नाव खोड.

'उपाशीपोटी ठेवून, शिवीगाळ, मारहाण करून शारीरिक व मानसिक छळ केला' हे वाक्य इतक्या फिर्यादींत वाचलंय की आता ते कोणाच्याच आयुष्याबद्दल काही सांगत नाही. कोर्टालाही ते पाठ झालंय. मोघम आरोप म्हणून २०२२ मध्ये कहकशां कौसर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सासरच्या मंडळींवरचा गुन्हा रद्द केला, आणि डिसेंबर २०२४ च्या दारा लक्ष्मी नारायणा प्रकरणात तर नवऱ्यावरचा सुद्धा. हे निकाल बायकांच्या विरोधात आहेत म्हणून चिडणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या, त्यांचा राग मला कळतो, पण रागाने उलटतपासणी निभत नाही गं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली नणंद कधी आली, काय बोलली, यावर तुझी अशील अडखळली की नवऱ्याबद्दल जे शंभर टक्के खरं सांगतेय तेही डळमळतं. हे मी उभ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याची हळहळ अजून आहे.

आणि सगळ्यांची नावं टाकली की 'दबाव येतो' हे काय कारण झालं? २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर नाव आलं की लगेच अटक असं राहिलंय का? आता आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहा सांगणारी नोटीस येते. सगळं घर आत जाईल ही आशा त्या वडिलांना दाखवूच नकोस.

पण उलट्या टोकाला पण जाऊ नकोस, 'म्हातारी आहे, सोडून द्या' वगैरे. सासूने दागिने ठेवून घेतले असतील तर तिचं नाव आलंच पाहिजे, कोणते दागिने, कधी मागितले, काय उत्तर मिळालं, यासकट, आणि त्याला विश्वासघाताचं कलम वेगळं लागतं. नाव आणि कृत्य, एवढंच.

मागणी नीट लिही. नुसती भांडणं लिहून भागत नाही. पैसे कशासाठी मागितले, फ्लॅटसाठी की धंद्यासाठी, कोणी मागितले, नाही म्हटल्यावर काय झालं. १ जुलै २०२४ आधीचे प्रसंग असतील तर छळाचं जुन्या दंड संहितेतलं कलम ४९८अ, नंतरचे असतील तर नव्या भारतीय न्याय संहितेचं ८५, म्हणून तारखा हव्यात. तारीख आठवत नसेल तर सण, बाळाचं बारसं, पगाराचा आठवडा, काहीतरी विचार. पोरी सांगतात, आपण विचारायचा कंटाळा करतो.

हुंडा दिला हे लिहिलं तर आपणच अडकू असं तिला वाटत असेल तर सांग, हुंडाबंदी कायद्यातल्या कलम ७ नुसार पीडित व्यक्तीच्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही. ती माहेरी राहत असेल तर तिथल्या ठाण्यात फिर्याद देता येते, २०१९ च्या रूपाली देवी निकालाने ते स्पष्ट झालंय.

मी नावं खोडते म्हणून माझ्याबद्दल 'समोरच्यांना मिळालेली वकील' असं बोललं गेलंय. कागद उचलून दुसरीकडे गेलेले अशील आहेत. गेले तर गेले. ज्या थांबल्या त्या साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा माझ्याकडे बघायची गरज पडली नाही, कारण कागदावर जे होतं ते त्यांचं स्वतःचं होतं. यात मी बदलणार नाही.

आता सिनियरशी वाद घालत बसू नकोस. अशीलाला वडिलांशिवाय, एकटीला बोलव. बँकेचं पासबुक, लग्नातले फोटो, दागिन्यांच्या पावत्या आणि ज्या फोनवर मेसेज आलेत तो मूळ फोन आणायला सांग, आणि मेसेज डिलीट करू नकोस हे आजच कळव. मग प्रत्येक नावासाठी वेगळा कागद घे. जो कोरा राहील तो बाजूला ठेव आणि उरलेला मसुदा मला पाठव.

तुझी,
ताई