मोंढ्यातल्या पठाणला विचार

पोरी,

तुझ्या बातमीचं कात्रण मिळालं. पहिल्याच महिन्यात चार कॉलम, कौतुक आहे. पण मथळ्यात ‘विशिष्ट समाजाचे तरुण’ कशाला? आठ दिवसांपूर्वी तूच गोदावरीच्या पात्रातली वाळूचोरी दिली होतीस. त्यात पकडलेल्यांचा समाज नव्हता. मी मुद्दाम जुना अंक काढून बघितला.

ऑफिसात मथळे देणाऱ्या डेस्कनं घातलं म्हणशील. घातलंही असेल. मग डेस्कला पगार कोण देतं ते बघ. फेब्रुवारी संपला की पहिल्या अंकात बारीक टायपात मालकीचं निवेदन, ‘नमुना 4’, छापायची पद्धत आहे. एक टक्क्यापेक्षा जास्त भांडवल असणाऱ्यांची नावं त्यात येतात. मी ती नावं गावातल्या प्लॉटिंगशी, कॉलेजांशी जुळवून बघायचो. आमचे उपसंपादक हसायचे.

तालुक्याला वार्ताहर होतो तेव्हाची गोष्ट. कब्रस्तानाच्या रस्त्यावर एका संस्थाचालकानं तारेचं कुंपण घातलं होतं. लोक जनाजा शेतातून, चिखलातून न्यायचे. बातमी पाठवली, आली नाही. ‘जागा नव्हती.’ त्याच आठवड्यात या संस्थाचालक साहेबांचा वाढदिवस होता, पानभर जाहिरात होती आणि तिचं कमिशन मलाच मिळालं होतं. घेतलं मी ते. पुढच्या आठवड्यात त्याच मोहल्ल्यातली दोन पोरं मोटार चोरताना सापडली, तेव्हा मात्र जागा भरपूर निघाली.

पण सगळं खापर धंद्यावर फोडू नकोस. 1920 साली बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ निघालं, तेव्हा पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं त्याची जाहिरात छापली नाही. धंदाच बघायचा तर पैसे घेतले असते की. आणि 2020 चं आठव. कोरोना पसरवल्याचा ठपका ठेवून तबलिगी जमातच्या लोकांवर महिनोन्‌महिने रकाने भरले. ऑगस्टमध्ये आपल्याच औरंगाबाद खंडपीठानं 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, छापील आणि टीव्ही माध्यमांतल्या अपप्रचारावर बोट ठेवलं, त्यांना बळीचे बकरे केल्याची शक्यता बोलून दाखवली. तो निकाल किती वाचकांना आठवतो, विचारून बघ.

आता तुझ्या हातातलं सांगतो. मालक तू बदलणार नाहीस, फोनमधले नंबर बदलता येतील. मोहल्ल्यातले, बुद्धवाड्यातले, तांड्यावरचे किती नंबर आहेत तुझ्याकडे? नगरसेवक आणि पोलीस धरू नकोस. सोयाबीनच्या भावावर बोलायला मोंढ्यात उभा असलेला पठाण तुला का दिसत नाही? त्याचंही सोयाबीन ओलं म्हणून भाव पाडलेत. त्याला ईदच्या पुरवणीपुरतं शिरखुर्म्यावर बोलवायचं, बुद्धवाड्यातल्या बाईला 14 एप्रिलला, हे फार झालं. डेस्क सोयाबीनची बातमी कापत नाही, निदान अजून तरी. त्यात आडनाव सहज जातं.

जाहिरातीचं टार्गेट तुलाही देतील. ज्याच्याकडून जाहिरात घेशील त्याचं नाव डायरीत लिहून ठेव, तारखेसह. मी ठेवलं नाही.

ते कुंपण अजून आहे. आता त्याला लोखंडी गेट बसवलंय. रविवारी ये, दाखवतो.

तुझा,
काका